बाबांचे दीड ग्रॅम

"आई, भरदुपारी सगळे दिवे कशाला लावलेस?" मृदुलाने दारातूनच विचारलं.

"त्यांचेच आहेत. जळू देत," शैलाताई म्हणाल्या.

बाबा जाऊन महिना झाला होता. रीतीप्रमाणे त्यांच्या देहातल्या पाण्यातून जेमतेम दीड ग्रॅम जड हायड्रोजन काढून माळ्यावरच्या यंत्रात भरला होता. त्याची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळताना किंचित वजन हरवायचं, आणि त्या हरवलेल्या वजनाच्या विजेवर घर चालायचं. जपून वापरलं तर तीस वर्षं पुरेल, असं यंत्र बसवणारा सांगून गेला होता.

"मग जपून वापर ना."

"जन्मभर जपलंच की त्यांनी. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की भरल्या ताटावरून उठायचे. आता तरी होऊ दे उधळपट्टी." शैलाताईंचे डोळे कोरडे होते. ते गेले त्या दिवशीही कोरडेच होते.

मृदुला पाणी प्यायला आत गेली. परतताना सवयीने तिने स्वयंपाकघरातला दिवा बंद केला, मग न्हाणीघरातला, मग पॅसेजमधला.

शैलाताई तिच्या हाताकडे बघत राहिल्या. "अस्सेच यायचे गं," त्या म्हणाल्या, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.