बांधापलीकडं बघून

यंदा सास्तूरच्या शिवारात फाल्गुनातच दोनदा गारा पडल्या. चवळी आत्ताच टोकावी तर कोवळे कोंब झोडपून निघणार, थांबावं तर चैताचं ऊन फुलं जाळणार. हणमंतप्पा बियाणाची पिशवी मांडीवर घेऊन आठ दिवस नुसता बांधावर बसून होता. मोबाइल सकाळी पाऊस सांगायचा, दुपारी ऊन. मोबाइलच्या बापाला तरी काय कळतंय!

बांधापलीकडचं रान थोरल्या भावाचं, राचप्पाचं. हातभर बांधापायी दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. तेवढ्या मातीत चवळीचे चार वेलही मावले नसते. दिवाळीत राचप्पा वारला, तेव्हाही हा बहाद्दर मयतीला सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि तसाच घरी आला.

नवव्या दिवशी राचप्पाची बायको सिद्धम्मा बांधाशी आली.

"भावजी, चवळी कवा टोकताय?"

अकरा वर्षांनी तिचा आवाज ऐकून हणमंतप्पा गडबडला.

"मला इचारता व्हय, वहिनी? मला कुठं कळतंय त्यातलं! म्या दरसाल अण्णाकडं बघूनच टोकायचो. त्यानं पिशवी उचलली की म्या उचलायचो. कधी चुकलं न्हाय."

सिद्धम्मानं पदर तोंडाला लावला. तिच्याही हातात बियाणाची पिशवी होती.



"जाताना ते मला एवढंच सांगून गेले, भावजी. 'हणमंताकडं ध्यान ठेव, तो टोकील तवाच टोक. म्या बी दरसाल तेच केलं.'"