वजरी

अमानीचा बाप केनियाचा, आई कोल्हापूरची. शाळेत पोरं रंगावरून चिडवायला लागली, तशी दानेश्वरीनं लेकीसाठी चित्रांचं पुस्तक मागवलं. त्यातली पोरगी हुबेहूब अमानीच; तसाच गडद रंग, तसेच कुरळे केस. अमानी ते उशाशी घेऊन झोपायची.

दिवसभर तिला आज्जी सांभाळायची. आज दानेश्वरी शाहूपुरीतल्या ऑफिसातून घरी आली, तर पुस्तकातल्या पोरीचा चेहरा खरवडून पांढराफटक झालेला. शेजारी टाचा घासायची वजरी.

"कुणी केलं गं हे?"

"मीच की. आज्जी म्हणती, रोज घासलं की गोरं हुतंय."

भर उन्हाळ्यात घातलेल्या लांब बाह्या अमानीनं आणखी खाली ओढल्या.

"पर आई, हिला रक्त कसं न्हाय आलं?"