बारावी खुर्ची

उम्म तन्नूसला, म्हणजे तन्नूसच्या आईला, लेकाचं वागणं सकाळपासून खुपत होतं. येशूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आज गावचे पाद्री अबूना चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुणार, त्यात तन्नूसला मान मिळालेला. तर हा न्हाणीत बसून वज्रीनं टाचा घासतोय!

"मेल्या, पाय दाखवून दुसरी बायको आणायचीय का?"

संध्याकाळी तन्नूस बाराव्या खुर्चीवर बसला, तोच बाटल्या वेचणारा म्हातारा वहीब चिखलाच्या पायांनी पुढे आला. "मलाही बसवा की रे."

तन्नूसनं नाक मुरडलं. "असल्या पायांनी, काका? आधी धुऊन या."

म्हातारा दाराकडे वळला. मघापासून चुळबुळणाऱ्या उम्म तन्नूसला आता बाकावर बसवेना. ती सगळ्या गावादेखत उठली.

 

"तन्नूस, खुर्ची सोड. तुझे घरीच धुऊन झालेत."