जहांगीर मिस्त्रीची रेघ

"जहांगीर, रेघ सरळ हाय का रे बाबा?" कमलम्मानं दुकानाच्या दारातूनच विचारलं. मागं तिची सून, सुनेच्या कुशीत पंधरा दिवसांचं बाळ, आणि त्यांच्यामागं वळकट्या काखेत मारून अख्खी गल्ली.

जहांगीर मिस्त्रीनं समोर दुरुस्तीला आलेल्या जुन्या ऑसिलोस्कोपकडं पाहिलं. पडद्यावर हिरवी रेघ कशी, सुतळी ताणून धरल्यागत.

"सरळ हाय, अम्मा. बिनघोर घरात झोपा."

गल्ली पांगली. तीन दिवस झाले, दिवेलागणीला हेच चाललं होतं.

भूकंपाला तीन आठवडे झाले होते. लातुरातली ही गल्ली सगळी पत्र्याची, एकाही घराला तडा नव्हता. सरकारी इंजिनिअर घर न् घर बघून 'खुशाल राहा' म्हणून गेला. पण ऐकतो कोण! सगळे धान्याच्या मोंढ्याच्या पटांगणात, दवात. बाळ तर दवाखान्यातून थेट तिथंच आलेलं. त्याची छाती घरघरायला लागली, तरी कमलम्मा सुनेला उंबरा ओलांडू देईना. मग एका संध्याकाळी तिनं दुकानात ही रेघ पाहिली आणि आपल्याच डोक्यानं ठरवून टाकलं, की जमीन हलायच्या आधी ही हलणार. जहांगीरनं बाळाकडं पाहिलं आणि 'व्हय' म्हणाला. झालं! पठ्ठ्या गल्लीच्या भूकंपाचा ठेकेदार होऊन बसला.

यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेचं. रेघेला वरखाली नाचवणारा बोर्डच जळलेला. जहांगीरनं तो काढून टेबलावर ठेवला होता. मग रेघ हलणार कशी, कपाळ? एक ट्रान्झिस्टर बदलला, जरा सोल्डरिंग केलं, की काम फत्ते. पण तो हातच लावीना. बोर्ड बसला की रेघ नाचणार, आणि बाळ पुन्हा दवात जाणार.

चौथ्या संध्याकाळी फिजिक्सचे शेषेराव सर यंत्र न्यायला आले. त्यांच्या शिकवणीला उदगीर-नांदेडहून पोरं खोल्या करून राहायची. रेघेची कीर्ती त्यांच्याही कानावर गेलेली.

"मिस्त्री, याचा आणि भूकंपाचा काय संबंध? लोकांना येड्यात काढता का?" गल्लीदेखतच कडाडले.



"म्हंजी, रेघ खोटी हाय?" कमलम्मानं विचारलं. सुनेनं बाळाचं टोपरं नीट केलं आणि मुकाट्यानं पटांगणाकडं वळली.

सरांची नजर टेबलावरच्या बोर्डावर गेली. मग घरघरणाऱ्या बाळाकडं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रेघ सरळ आहे," सर घसा खाकरून म्हणाले. "मी स्वतः बघितली. झोपा घरात."

सरांनीच सांगितल्यावर काय! लोक हसत-बोलत आपापल्या घरी गेले. जहांगीरच्या जिवात जीव आला. "सर, माफ करा. आत्ता बसवतो बोर्ड."

"हात लावू नका त्याला!" सर कुजबुजले. "आमची मंडळी वीस दिवस अंगणात बाज टाकून झोपते. पुस्तकं उघडून दाखवली, ऐकतच नाही. उद्या तिला घेऊन येतो, हेच सांगा."

ते पायरी उतरले. थबकले. रस्त्यावर कोणी नाही असं बघून हळूच माघारी आले.

"आणि मिस्त्री, दिवसभरात एकदाही हलली नाही ना?"