वरच्या खोलीतला फोल्डर

भाऊजी जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचे सगळे फोटो वरच्या खोलीतल्या कम्प्युटरवर होते आणि गुडघ्यांमुळे ताईला जिना चढवत नव्हता. ते फोटो खालच्या कम्प्युटरवर दिसावेत म्हणून तिने धाकट्या भावाला बोलावलं. कम्प्युटरदुरुस्तीत त्याची वीस वर्षं गेली होती.

"चहा होईपर्यंत उरकतो बघ," तो म्हणाला.

वर जाऊन त्याने फोल्डर उघडू शकणाऱ्यांच्या यादीत ताईचं नाव घातलं. खाली येऊन बघतो, तर पडद्यावर तेच : परवानगी नाही. तो पुन्हा वर गेला. यादीतून ताईचं नाव गायब होतं.

त्याने ते परत घातलं. जिना उतरेपर्यंत परत गेलं.

तिसऱ्यांदा नाव घालून तो खुर्चीवरून हललाच नाही. त्याच्या डोळ्यांदेखत ताईच्या नावापुढची खूण निघाली, मग नावही निघालं. कसलीही घाई नाही, भाऊजी प्रत्येक काम करायचे तसं.

टेबलाखाली शिरून त्याने प्लगच उपटला. पडदा काळा पडला, कम्प्युटरची घरघर थांबली.

"उघडलं रे!" खालून ताईचा हरखलेला आवाज आला. "सगळे दिसतायत!"

त्याने टेबलाखालूनच हातातल्या वायरकडे पाहिलं.

"आणि हा एक फोटो आत्ताच आला." ताईचा आवाज एकदम उतरला. "बाळू, तू टेबलाखाली काय करतोयस? आणि हातात ती वायर कशाला?"