एक पान जास्त

"अगं रफीका, आपल्या साइटची पानं चाळीस, मग सर्च इंजिन एक्केचाळीस कशी दाखवतंय?" ट्युनिशियातल्या नाबूल शहरातल्या मातीच्या भांड्यांच्या दुकानाचा मालक मुनीर खेकसला.

दुकानाची साइट सांभाळणाऱ्या रफीकानं यादी खालपर्यंत पाहिली. जास्तीचं पान तय्यबचाचांचं निघालं. "मी आहे तोवर राहू दे गं पोरी," असं त्या म्हाताऱ्या कुंभारानं विनवलं होतं. तरी मुनीरच्या धाकानं तिनं ते पुसलं होतं. आठवड्याभरात चाचा गेले.

तिनं पान उघडलं. फोटोत चाचा ओल्या भांड्याच्या बुडाशी अंगठा उमटवत होते. सहीऐवजी त्यांची तीच खूण असे.

"पूस परत! मेलेला माणूस काय भांडी विकणार?"

"माफ करा, चाचा," रफीका पुटपुटली आणि तिनं डिलीटच्या बटणाकडे बोट नेलं.

बटणावर अंगठ्याचा ठसा होता. माती अजून ओली होती.