नकाराचं कारण

"मंजूर," म्हणत कुमुदमावशींनी बाराव्यांदा बटण दाबलं. त्यांच्या वधूवर मंडळाची पत्रं लिहायला भाची पायरीपायरीनं एआय मदतनीस बसवत होती, आणि तो मेला प्रत्येक पायरीला त्यांची परवानगी मागत होता.

"तीस वर्षं मंडळ चालवतेय. एवढं डोकं एकाही वरमाईनं खाल्लं नाही माझं."

"आणि तुला न विचारता त्यानं भलतंच काही पाठवलं म्हणजे?" भाची म्हणाली.

पुढची पायरी नकाराच्या पत्राची होती. मावशींनी त्यात नेहमीचंच वाक्य घालायला सांगितलं होतं: पत्रिका जुळत नाही. नमुन्यासाठी एका मुलीचं स्थळ घेतलं.

पडद्यावर उत्तर उमटलं. 'पत्रिका तपासली. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात. तुमच्या नोंदीत मुलाकडच्यांचं कारण "मुलगी सावळी" असं आहे. तेच कळवू?'

भाचीचे हात थांबले. मावशींच्याच मंडळात तिचीही पत्रिका सात ठिकाणी जुळली नव्हती.

मावशींनी घाईनं 'नामंजूर' दाबलं. लगेच रिकामी चौकट उघडली: 'कारण लिहा.'

भाची त्यांच्याकडे बघत होती. मावशी वैतागून एकेक अक्षर शोधत टाइप करू लागल्या: पत्रिका जुळत नाही.